कुंभाराच्या घरची चूल

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कुंभार राहत होता. त्याच्या मातीच्या चुलींचं पंचक्रोशीत नाव होतं. माती, भुसा आणि लीद कालवून तो अशी चूल घडवायचा, की चार काटक्यांच्या जाळावर पुढे भाकरी भाजायची आणि त्याच धगीवर मागच्या वैलावर आमटी शिजायची. धूर धुराड्यातून थेट बाहेर जायचा. बायका त्याला तोंडभरून दुवा देत. कौतुक म्हणजे तर कुंभाराचा जीव की प्राण! कुणी वाहवा केली की स्वारी दिवसभर हवेत असायची.

आणि या नामवंत कारागिराच्या घरात काय होतं? तीन दगड. अर्धी धग भांड्याला लागायची, अर्धी वाऱ्यावर जायची. डोंगरावरून आणलेली मोळी दोन दिवसांत फस्त व्हायची. जवळचं रान कधीच बोडकं झालं होतं, म्हणून त्याची बायको पार वरच्या कड्यापर्यंत जळणाला जायची. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे.

"अहो, एक चूल आपल्यालाही करा ना," ती म्हणायची.

"करतो गं. हे हातातलं काम उरकू दे," कुंभार म्हणायचा. खोटं बोलायचा असं नाही. त्याला खरंच वाटायचं, की घरचं काय, कधीही होईल.

कुंभाराची म्हातारी आई मात्र चिडायची. "अरे, गावाच्या सुना हसतात, माझी सून खोकते. लाज वाटू दे जरा!"

अखेर एकदा त्याने मनावर घेतलं आणि घरासाठी चूल घडवली. बायकोने ती आठ दिवस उन्हात राखली, पोतेरं फिरवून गुळगुळीत केली. सोमवारी ती घरात मांडायची ठरली. सकाळीच तिने चुलीला हळदकुंकू वाहिलं. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

तेवढ्यात शेजारच्या गावची एक बाई गाडी घेऊन दारात आली. "लेकीचं लग्न आहे, भाऊ. आजच चूल हवी. तुमच्या हाताची सर दुसऱ्या कुणाला नाही!"

बाकीच्या चुली अजून ओल्या होत्या. कुंभाराने बायकोकडे पाहिलं. तिने नुसता चुलीवर हात ठेवला होता.

"न्या ही," कुंभार म्हणाला. "आमची काय, चार दिवसांत होईल दुसरी."

बाई हरखली. "अगंबाई, पूजासुद्धा करून ठेवलीत!"

चूल गाडीत चढवायला बायकोनेच हात लावला. मग तिने विळा आणि दोर घेतला आणि ती डोंगराची वाट चालू लागली, कारण घरात संध्याकाळपुरतंही जळण नव्हतं.

वरच्या कड्यावर तिचा पाय घसरला. लोकांनी तिला झोळीतून खाली आणलं आणि तिने बांधलेली मोळीही आणून अंगणात टाकली. तिसऱ्या दिवशी तिने प्राण सोडला. कुंभार धाय मोकलून रडला. पण रडून काय उपयोग होता?

ती पडली तेव्हापासून तेराव्यापर्यंत भाऊबंदांकडून ताट यायचं, म्हणून मोळी तशीच पडून होती. त्या दिवसांत कुंभाराने दुसऱ्या कुणाचंही काम हातात घेतलं नाही. त्याने घरची चूल घडवली. अर्धा दिवस लागला. ज्या कामासाठी त्याला इतकी वर्षं सवड मिळाली नव्हती, ते अर्ध्या दिवसाचं होतं! हे कळलं तेव्हा तो मातीने भरलेल्या हातांनीच तोंड झाकून बसला.

चौदाव्या दिवशी त्याने अंगणातल्या त्या मोळीतल्या चार काटक्या काढून चूल पेटवली. पुढे भाकरी झाली, मागे डाळ शिजली. घरात धुराचा लवलेशही नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारच काटक्या लागल्या. तिसऱ्या दिवशीही तेवढ्याच.

सहाव्या दिवशी म्हातारी अंगणात गेली आणि तिथेच थबकली.

"बाळा," ती म्हणाली, "तिची मोळी अजून सरली नाही रे."

कुंभाराच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

तात्पर्य: वाया जाणारी धग ही कुणाच्या तरी पायांची चाल आणि डोक्यावरचा भार असते. ती वाचवण्याची युक्ती ज्याला ठाऊक आहे, त्याने ती आधी आपल्या घरी आणि आजच करावी.