पहिलं ताट

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका आचार्यांचा आश्रम होता. झाडपाल्याचा अभ्यास करायला तिथे दूरदूरची मुलंमुली येत.

आचार्यांची एक रीत होती. त्यांची चूक जो दाखवून देईल, त्याला त्या दिवशी जेवणाचं पहिलं ताट. वाढणार स्वतः आचार्य, तेही आग्रह करकरून! मग काय, शिष्य डोळ्यांत तेल घालून चुका शोधत, आणि शोधता शोधता शिकत.

आचार्य गेले. आश्रम त्यांच्या पट्टशिष्याकडे आला. त्याचा गुरूंवर फार जीव. तो रोज पहिलं ताट गुरूंच्या पादुकांपुढे ठेवू लागला. पादुका बिचाऱ्या कुणाला शाबासकी देणार? हळूहळू शिष्यांनी चुका शोधणं सोडून दिलं.

एका वर्षी गावात ताप पसरला. आचार्यांनी सांगितलेला काढा देऊनही माणसं अंथरुणातून उठेनात. तेव्हा आश्रमातली सर्वांत नवी, त्याच गावातली एक मुलगी पुढे आली.

"गुरुजी, आपण पानं फुलोरा आल्यावर तोडतो. मी कोवळ्या पानांचा काढा आईला आणि शेजारच्या काकूंना दिला. दोघींचा ताप उतरला."

"आचार्यांनी फुलोऱ्यानंतरच तोडायला सांगितलंय!" पट्टशिष्य कडाडला. "कालची पोर तू, त्यांच्या चुका काढतेस?"

मुलगी मान खाली घालून निघून गेली.

दुपारी पादुकांपुढे ताट ठेवायला पट्टशिष्य वाकला आणि तसाच थबकला. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा याच ओसरीवर तो म्हणाला होता, "आचार्य, तुम्ही मुळी चुकीची घेतलीत." आणि आचार्य खूश होऊन म्हणाले होते, "शाबास रे! बस, आज मी वाढतो."

त्याचे डोळे भरून आले. आपण ताट सांभाळलं आणि गुरूंनाच विसरलो, याची त्याला फार लाज वाटली.

ताट तसंच हातात घेऊन तो मुलीला शोधत गेला. "पोरी, चुकलं माझं. आधी जेव. मग ती पानं दाखव, आपण आणखी काहीजणांना देऊन बघू."

दिली. गुण आला. मग घरोघर तोच काढा गेला आणि गाव पुन्हा कामाला लागलं.

पादुकांवर फूल रोज वाहिलं जाई, पण पहिलं ताट पुन्हा पंगतीत फिरू लागलं. पुढे त्याच मुलीने पट्टशिष्याची एक चूक काढली, तेव्हा त्याने तिला इतका आग्रह केला, की तिला पानावरून उठवेना!

तात्पर्य: गुरूने ज्या मोठ्या मनाने आपल्याला पुढे केलं, त्याच मनाने आपण नव्यांना पुढे करावं, हेच त्याचं खरं स्मरण.