मास्तर, बसा म्हणा

एका गावात एक मास्तर होते, केरोबा मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गाव काही त्यांना निवृत्त करायला तयार नव्हतं. सुतार, तेली, न्हावी, गाडीवान, जो तो त्यांच्याच हाताखालून गेलेला.

मास्तरांच्या वर्गाची एक शिस्त होती. मास्तर आत आले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत बूड टेकवायचं नाही. घाई करणाऱ्याचा कान मास्तरांच्या हातात जायचा. शिस्त पक्की मुरली. जरा जास्तच मुरली, असं म्हणायला हवं.

शाळा सोडली तेव्हा मास्तरांनी मनाशी ठरवलं, आता कुणाला हुकूम सोडायचा नाही. ही मिशा आलेली, पोराबाळांची माणसं. त्यांना ऊठ-बस सांगणारे आपण कोण?

पुढं बायको वारली आणि घर खायला उठलं. संध्याकाळी चिंचेखालच्या पारावर माणसं जमत. त्यांच्या हसण्याचा आवाज मास्तरांच्या ओसरीपर्यंत येई. आपणही घटकाभर तिथं टेकावं, एवढीच त्यांची इच्छा. काठी घेऊन ते निघत. पण ते पारापाशी पोचले की हसणं बंद. विड्या विझत. सगळे ताडकन उठत आणि खाली मान घालून उभे राहत. कुणी तरी 'या मास्तर, टेका' म्हणेल, म्हणून मास्तर क्षणभर थांबत. कुणी म्हणत नसे. मग "चालू द्या तुमचं" असं पुटपुटून ते पुढं निघून जात.

मास्तरांनी याचा एकच अर्थ काढला. आपण यांना नकोसे झालोय. आधी ते फार बोचलं. मग बोचायचंही थांबलं आणि नुसता शीण उरला. ज्यांच्यापुढं आयुष्यभर घसा कोरडा केला, त्यांच्याजवळ आपल्याशी बोलायला दोन शब्द नसावेत! शहरातली लेक कधीची बोलवत होती. शेवटी त्यांनी तिला निरोप धाडला, 'येतो तुझ्याकडे, कायमचा.'

निघायच्या दिवशी बैलगाडी पारापाशी येणार होती. गाठोड्याच्या ओझ्यानं दमत मास्तर तिथवर आले. कधी नव्हे ते मास्तर पारावर मटकन बसले. तिथं सकाळच्या गप्पांना बसलेले सगळे उठले.

ऊन चढलं तरी गाडी येईना. मास्तर बसलेले आणि बाकी सगळे उभे. कमरेतून वाकलेला रखमाजी सुतार या पायावरचा भार त्या पायावर घेत होता, लहानपणी घ्यायचा तसाच.

"जातोय मी," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग धरायलाही अंगात ताकद लागते. "आज तरी मला असं उठून घालवून देऊ नका रे. मी आलो की तुमची बैठक मोडते, कळतं मला."

माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

"घालवतोय व्हय तुमाला?" रखमाजी म्हणाला. "मास्तर, तुमी 'बसा' म्हननाच की!"

"मी?"

"रोज वाटतं, आज म्हनतील. तुमी आपलं 'चालू द्या' म्हनून फुडं जाताय. आमाला वाटायचं, रागावलाय आमच्यावर."

"आन तुमी सांगितल्याबिगर बसलो," मागून भिवसन तेली हळूच म्हणाला, "तर कानाचं काय?"

मास्तरांना हसू आलं आणि डोळेही भरले. किती संध्याकाळी फुकट गेल्या होत्या! पण तो शब्द आता तोंडातून काढणं सोपं नव्हतं. वर्गात तो हुकूम होता. इथं तो म्हणायचा तर आपल्याला यांची गरज आहे, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागत होतं. मग त्यांनी गाठोडं बाजूला सारून शेजारी जागा केली.

"बसा रे," ते म्हणाले. "माझ्याजवळ बसा. एकट्याला करमत नाही मला."

सगळे बसले. रखमाजीनं कण्हत कण्हत बूड टेकवलं. भिवसननं आपल्या हरवलेल्या म्हशीची अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू केली. तेवढ्यात गाडीवान दौला गाडी घेऊन आला आणि मास्तरांना बघताच खाली उतरून हात बांधून उभा राहिला.

"दौला, बैल सोड," मास्तर म्हणाले, "आणि तूही बस."

त्या दिवशी मास्तर फारसं बोलले नाहीत. दमलेले होतेच. चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून ते भिवसनच्या म्हशीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत राहिले.

तात्पर्य: आदर करणारी माणसं हाक येईपर्यंत लांबच उभी राहतात. ज्याला मान मिळतो, त्यानंच आधी मन मोकळं करून त्यांना जवळ बोलवावं.