औक्षणाचे ओटे

भिवा बुरूड राजरस्ता ओलांडताना महाराजांच्या रथाखाली सापडला, आणि दरबाराने भिवालाच कोठडीत टाकले. गुन्हा काही साधासुधा नव्हता. त्याच्या नडगीमुळे सरकारी चाकाचा एक आरा तडकला होता! भिवाचा पाय मोडला ही गोष्ट खरी, पण पाय त्याचा खाजगी होता आणि चाक सरकारी.

रणधीरराजांना वेगाचे भारी वेड. त्यांच्यासाठी प्रधान त्र्यंबकपंतांनी हा रस्ता पुन्हा पुन्हा रुंद केला होता. रस्ता रुंद झाला की रथ आणखी जोरात पळत. रथ जोरात पळाले की माणसे आणखी सापडत. माणसे सापडली की पंत कपाळाला हात लावून म्हणत, "रस्ता अजून अरुंदच आहे." पायी चालणाऱ्यांसाठी कडेला वीतभर जागा उरली होती, आणि तिथे सरदारांचे घोडे बांधलेले असत.

भिवाची सून गोजरी दरबारात आली तेव्हा याच विषयावर खल चालला होता. पायी चालणाऱ्यांनी गळ्यात घंटा बांधावी, अशी पंतांची ताजी सूचना होती, आणि सगळे सरदार माना डोलावत होते. त्यांच्यापैकी कुणीही कित्येक वर्षांत रस्त्यावर पाय ठेवला नव्हता, त्यामुळे त्यांचे मत अगदी निःपक्षपाती होते.

"महाराज, माझ्या मामंजींना सोडा," गोजरी म्हणाली. "नदी रस्त्याच्या पलीकडं आहे. बांबू भिजवायला माणसानं जायचं कुठून?"

"रस्ता नीट बघून ओलांडावा," पंत म्हणाले.

"बघितला होता त्यांनी. तेव्हा रथ दिसतसुद्धा नव्हता."

महाराजांना हे आपल्या घोड्यांचे कौतुकच वाटले. मिशीला पीळ देत ते म्हणाले, "बाई, फार बोलतेस. मग तूच कर की रस्ता सुरक्षित! पण रथ अडवायचा नाही. दोर नाही, फाटक नाही, पहारा नाही. वाटेत तू एक दगडही ठेवायचा नाहीस. दिवाळी सरेपर्यंत जमलं, तर सासऱ्याला घेऊन जा. नाही जमलं, तर त्याच्या शेजारची कोठडी तुझी."

दरबार खो खो हसला. गोजरी घरी आली आणि सुपाच्या कामट्या घेऊन बसली, पण हात चालेना. मामंजी म्हातारे, त्यात मोडका पाय, त्यात कोठडीतली ओल. तिला रडू आले. मग रडण्याचाही राग आला, आणि राग आला की तिचे डोके चांगले चाले. रथ अडवायचा नाही, कबूल. पण महाराजांनाच थांबावेसे वाटले तर? वेगापेक्षा त्यांना अधिक प्रिय असे एकच होते, ते म्हणजे स्वतःचे कौतुक.

दुसऱ्या दिवशी चौकात, रस्त्याच्या दोन्ही कडांना, आळीतल्या सवाष्णी तबके घेऊन उभ्या राहिल्या. रथ धडधडत आला. ओवाळायला आलेल्या बायकांना डावलून पुढे जाणे म्हणजे घोर अपशकुन, आणि तसेही, ओवाळून घ्यायचा महाराजांना कधीच कंटाळा नव्हता. "थांबव!" ते सारथ्यावर ओरडले.

पण रथ उंच आणि बायका खाली. निरांजनाचा उजेड महाराजांच्या गुडघ्यापर्यंत पोचला, आणि कुंकू सारथ्याच्या नाकाला लागले. पलीकडच्या कडेच्या बायकांना तर महाराजांचे तोंडही दिसेना.

"काय करावं महाराज," गोजरी हळहळली. "आम्ही ठेंगण्या, आणि रस्ता हा एवढा रुंद. उभं राहायला ओटे असते, अन् ते रथाच्या जवळ असते, तर कुंकू नीट कपाळी लागलं असतं."

"पंत!" महाराज गरजले. "दोन्ही बाजूंनी दगडी ओटे बांधा. पार आतपर्यंत. मधे एक रथ जाईल एवढीच वाट ठेवा."

"सगळ्या चौकांत की फक्त इथंच?" गोजरीने भोळेपणाने विचारले. "नाही म्हणजे, बाकीच्या आळ्यांतल्या बाया रुसतील."

"सगळ्या चौकांत!"

"आणि ओट्यापर्यंत यायचं कुठून? कडेला सरदारांचे घोडे असतात."

"घोडे हलवा! चांगली ऐसपैस फरसबंदी करा. माझ्या औक्षणाला येणाऱ्या बायांचे हाल नकोत."

पंतांनी रात्रंदिवस खपून काम उरकले. औक्षणाचे काम असल्याने खर्चाबद्दल कुणी ब्र काढला नाही. लोक फरसबंदीवरून निवांत चालू लागले, आणि ओट्यावरून उतरून चार पावलांत पलीकडच्या ओट्यावर चढू लागले. दिवाळी सरली तशा बायका आपापल्या कामाला लागल्या. तबक घेऊन कुणी येईना, तरी प्रत्येक चौकात सारथी लगाम खेचतच होता. न खेचून करतो काय? भरधाव गेला असता तर चाकाचा चुरा झाला असता. तेवढ्या दिवसांत रथाखाली कुणीही सापडले नाही.

महाराजांच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गोजरीला बोलावून घेतले.

"वाटेत दगड ठेवायचा नाही, असं बजावलं होतं तुला! आता माझे रथ चौकाचौकात गोगलगायीसारखे चालतात!"

"मी तर वाटेत साधी कामटीही टाकली नाही, महाराज," गोजरी म्हणाली. "दगड पंतांनी बसवले. त्यांना हुकूम कुणी दिला, ते आपणच विचारा. मला बाई पंतांसारख्या थोर माणसाला विचारायची भीती वाटते."

पंत छताकडे पाहू लागले. महाराजांनी पंतांकडे पाहिले, मग गोजरीकडे, आणि त्यांना असे काही हसू फुटले की पगडी सावरता सावरता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

गोजरीला भरजरी लुगडे मिळाले. भिवाला कोठडीतून काढून महाराजांच्याच रथातून घरी पोचवण्याचा हुकूम झाला, आणि सोबत पंतांनी जावे असेही ठरले. म्हाताऱ्याचा मोडका पाय आडवा ठेवल्यावर रथात जागा उरली नाही. त्यामुळे पंत मागून चालत निघाले, आणि चौक आला की ओलांडण्याआधी दोन्हीकडे नीट बघत होते.