अननसाला शिंक आली

एक होता राजा. पाय आत घे शार्दूल, पांघरूण ओढ, तरच पुढे सांगते. हां. तर हा राजा राहायचा काळकड्यावर. काळकडा म्हणजे नुसता कातळ, बरं का. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. खायचं-प्यायचं सगळं घाटाखालच्या बाजारातून विकत आणायचं आणि बैलांच्या पाठीवर लादून वर चढवायचं. त्यामुळे राजा झाला होता भारी काटेकोर. त्याने नियमच केला होता, की ज्याचा उपयोग नाही ते गडावर ठेवायचं नाही. फुटका माठ चालला खाली. लंगडा पाट चालला खाली. म्हातारा बोका, तोही चालला खाली.

आणि गडावर होती जिवाबाई. जिवाबाई म्हणजे राजवाड्यातली दाई. बाळाला पायांवर घेऊन तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं आणि निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, हे तिचं काम. खुद्द राजाला तिनेच न्हाऊ घातलं होतं. पण राजाची पोरं मोठी झाली, त्यांना मिसरूड फुटलं आणि बारा वर्षं राजवाड्यात पाळणाच हलला नाही. मग एका दसऱ्याला राजा म्हणाला, की जिवाबाई, आता तुझं इथे काय काम? उद्या गड उतर.

खाली तिचं कोण होतं? कुणीसुद्धा नाही. तिचं घर, तिची माणसं, सगळं गडावर. ती डोळे पुसत मुदपाकखान्यात जाऊन बसली. तिथे बाजारातून आणलेला अननस चिरायचं चाललं होतं. आचाऱ्याने शेंडा पिरगाळला आणि टाकला केरात. जिवाबाईला वाटलं, बाई गं, हाही माझ्यासारखाच की. तिने तो उचलला, पदरात घेतला आणि राजाकडे जाऊन म्हणाली, की याला फळ येईपर्यंत मला राहू द्या. राजाला हसू आलं. कातळावर अननस? पण सणाचा दिवस, नाही कसं म्हणायचं? त्याने तीन दसऱ्यांची मुदत दिली.

मग जिवाबाई लागली कामाला. पण तिला झाडांतलं काय कळतंय? तिला कळायची बाळं. तिने शेंडा घेतला पायांवर, चोळलं तेल, ओतलं कोमट पाणी. रोज दोन वेळा. आठ दिवसांत शेंडा कुजून गेला. हसू नका, तिला रडू येत होतं.

मग तिने दुसरा शेंडा आणला. याला पाणी दिलं बेताने, पण गार वारा बाधेल म्हणून कानटोपडं घातलं आणि दुपट्यात गुंडाळून अंधाऱ्या खोलीत निजवलं. बाळंतिणीच्या खोलीत कुठे ऊन येतं? तो महिन्याभरात पिवळा पडला आणि गेला.

तिसऱ्या शेंड्याच्या वेळी मात्र बाई शहाणी झाली. तिने ठरवलं, याला काय हवंय ते आधी बघायचं. खालची पानं सोलली. चार दिवस शेंडा सावलीत सुकू दिला. बाजाराच्या गोण्या झाडून झाडून माती जमवली, टाकायला काढलेल्या फुटक्या माठात भरली आणि त्यात शेंडा लावून माठ उन्हाच्या खिडकीत ठेवला. माती सुकली की मगच पाणी. मग काय, त्याला मुळं फुटली. दोन वर्षांत तो असा माजला, की राणी खिडकी लावायला गेली की पदर अडकायचा. पण फळाचं नाव नाही. राजा येता-जाता म्हणायचा, की जिवाबाई, ठोंब्या आहे तुझा.

आला तिसरा दसरा. जिवाबाईने बोचकं बांधलं. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिचं पाऊलच उचलेना. लेकराला असं कसं सोडून जायचं? ती मागे फिरली. शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा टाकला, बाळंतशेपा टाकला, लसणीची सालं टाकली आणि माठावर पदर धरून अननसाला छान धुरी दिली.

आणि काय झालं ठाऊक आहे? अननस शिंकला. आक्छी! जिवाबाई सवयीने म्हणाली, शतंजीव. तो पुन्हा शिंकला. तिसऱ्यांदा तर असा शिंकला, की माठ हलला, पानं फाकली आणि मधोमध लालचुटूक कळी वर आली.

राजा बघायला आला. म्हणाला, ही कळी आहे, फळ नव्हे, मुदत संपली. तेवढ्यात राणी पुढे झाली. ती म्हणाली, "कळी धरली म्हणजे दिवस गेले की हो. अशा वेळी दाईला कुणी घराबाहेर काढतं का?"

राजाने जिवाबाईचं बोचकं आपल्या हाताने आत नेऊन ठेवलं. मग सगळा गड त्या खिडकीशी गोळा व्हायला लागला. राणीने तर माठाला हिरवा खण गुंडाळून डोहाळजेवण केलं. आणि चैत्रात फळ पिकलं. गडभर वास सुटला. एकेकाच्या वाट्याला बोटाएवढी फोड आली, पण अशी गोड, की पहारेकरी भाले ठेवून बोटं चाटत बसले.

राजाने फोड खाल्ली आणि विचारलं, "जिवाबाई, तीन वर्षं या ठोंब्याचं केलंस. एकदाही वाटलं नाही, द्यावा टाकून?"

जिवाबाई म्हणाली, "महाराज, तुम्ही जन्मलात तेव्हा रडला नाहीत, की हातपाय हलवले नाहीत. नुसता मांसाचा गोळा. मी धुरी देत राहिले आणि तिसऱ्या धुरीला तुम्ही शिंकलात. तोवर कुणी म्हटलं नाही, की याचा काही उपयोग नाही, चला, न्या याला गडाखाली."

राजाचे डोळे भरून आले. ताटातला शेंडा त्याने आपल्या हाताने उचलला, खालची पानं सोलायला लागला आणि हळूच विचारलं, "चार दिवस सुकवायचा ना?"

त्या दिवसापासून गडावरून कुणाला खाली धाडलं नाही. म्हातारा बोकासुद्धा परत आला आणि राजाच्याच गादीवर लोळायला लागला. काळकड्याच्या खिडकीखिडकीत अननस झाले. तिन्हीसांजेला जिवाबाई सगळ्यांना धुरी द्यायची आणि मग सगळा गड शिंकत बसायचा.

आणि हो, दुपारी अननस खाऊन त्याचा शेंडा केरात कुणी टाकला होता, मला ठाऊक आहे. काढून ठेवलाय मी ओट्यावर. चार दिवस कुणी हात लावायचा नाही. ते सगळे तिकडे सुखात, आपण इकडे पांघरुणात. शार्दूल, खोटं खोटं शिंकू नकोस. मीट डोळे.