न ठेवलेलं पाऊल

ही गोष्ट फार जुन्या काळची, आपल्या पणजीच्या पणजीनंही नुसती ऐकलेली. एका नदीच्या अलीकडच्या काठावर राजाचं शहर होतं आणि पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं खेडं. नदीला इतकी ओढ, की होडी टिकत नसे. खांबांवर लांबलचक शिळा टाकून केलेला एक पूल होता, त्यावरूनच सगळ्यांची ये-जा चाले. खेड्यात काही घरं ख्रिस्ती होती. ती माणसं म्हशी राखत, शेत करत आणि दिवेलागणीला एकत्र बसून प्रार्थना म्हणत.

राजा मनानं दुष्ट नव्हता, पण कानानं हलका होता. दुष्टांपेक्षा असली माणसं जास्त नुकसान करतात, असं माझं मत आहे. प्रधानानं त्याचे कान भरले, की हे लोक त्यांच्या प्रभू येशूला राजांचा राजा म्हणतात, उद्या तुम्हाला कोण विचारणार? राजा घाबरला. त्यानं पुलाच्या खेड्याकडच्या पहिल्या शिळेवर क्रूस कोरून घेतला आणि दवंडी पिटवली, की पूल ओलांडणाऱ्यानं त्या क्रुसावर पाय देऊनच जायचं.

इतरांना त्याचं काहीच वाटलं नाही. ख्रिस्ती घरांत मात्र त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. मग हळूहळू एकेक जण खाली मान घालून क्रुसावरून जाऊ लागला. पाय दगडावर, मन देवावर, अशी ते आपल्याच मनाची समजूत घालत. त्यांना हसू नका. घरी पोरं उपाशी असली, की भल्याभल्यांचे पाय डगमगतात.

त्याच खेड्यात मार्था नावाची बाई राहायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, दारात एक म्हैस, आणि शहरात दूध विकून आणेल तेवढीच भाकरी. दुधाची चरवी डोक्यावर घेऊन ती शिळेपाशी आली आणि थांबली.

पहाऱ्यावरचा शिपाई रोज तिच्याकडून घोटभर ताक मागून घेणारा. त्याला तिची दया आली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तो हळूच म्हणाला, "मावशी, मी तिकडं तोंड करतो. तू जा बाजूनं. कुणी विचारलं, तर पाय ठेवला म्हणून सांगेन."

"बाळा, तू मायेनं बोलतोयस, ते कळतंय मला," मार्था म्हणाली. "पण माझा प्रभू माझ्यासाठी त्या क्रुसावर गेला, आणि मी त्याला ओळखतसुद्धा नाही असं तू माझ्या वतीनं सांगणार. ते मला सोसायचं नाही."

ती माघारी फिरली आणि नदीच्या काठाकाठानं वर चालू लागली. खूप वर, डोंगराच्या घळीत, नदी दगडधोंड्यांत पसरून उथळ झालेली होती. करवंदीच्या जाळ्यांतून अंग ओरबाडून घेत ती तिथं पोचली आणि पायानं तळ चाचपत शहराच्या काठावर गेली. शहरात जाईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि दूध नासलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं दूध नेणं सोडलं आणि ती लोणी काढून नेऊ लागली. पैसे कमी मिळत. जाता-येता ती काटे तोडी, पाण्यात एखादा दगड नीट लावून ठेवी.

हळूहळू क्रुसावरून गेलेली माणसंही त्या वाटेनं येऊ लागली. मार्थासमोर त्यांना मान वर करवेना. तिनं कुणालाही बोल लावला नाही. पाण्यातून हात पुढं करून ती एवढंच म्हणे, "पाय जपून ठेवा, दगड निसरडा आहे."

ही बातमी राजाच्या कानावर गेली आणि त्याचं पित्त खवळलं. त्यानं पाण्यातले दगड उपटून टाकले, वाट काट्यांनी बुजवली आणि मार्थाला शहरातल्या तुरुंगात डांबलं. त्या ओलसर कोठडीत तिच्या पायांतलं बळ गेलं. पाय ठेव, लगेच सोडतो, असं प्रधान पुन्हा पुन्हा सांगून पाहायचा आणि ती शांतपणे नाही म्हणायची. तिच्या नवऱ्याला भाकरी भरवायला शेजारी जात होते, तेच ते, आधी मान खाली घालून गेलेले.

इकडे पुलावर वेगळंच घडत होतं. हजारो पायांनी क्रूस झिजे. झिजला की राजा पाथरवटाला बोलावून तो आणखी खोल कोरायला लावी. शिळेला इतकं खोल कोरू नये, असं पाथरवटानं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? एके सकाळी धान्याची गाडी गेली आणि शिळा नेमकी त्या क्रुसातून दुभंगली. तिच्यासोबत खांबही ढासळला.

राजाची म्हातारी आई त्या वेळी पलीकडच्या बागेत होती. दुपारी पलीकडून हाका आल्या, की आईसाहेबांना छातीत कळ आली आहे, वैद्याला पाठवा. वैद्य अलीकडे, आणि मध्ये नदी. घळीतले दगड राजानंच उपटलेले. तळ कुठं धरतो आणि कुठं दगा देतो, हे फक्त मार्थाच्या पायांना ठाऊक होतं.

पुलावरचा तो ताक मागणारा शिपाई त्या दिवशी शहरातच होता, तो तुरुंगात धावला. तिला उभं राहता येईना, तेव्हा त्यानं तिला पाठुंगळी घेतलं. मागं वैद्य आणि त्याच्या मागं खुद्द राजा, असे सगळे पाण्यात उतरले. पाठीवरून मार्था सांगत होती, "डावीकडं. आता थोडं पुढं. पाय जपून ठेव." ती सांगेल तिथंच राजाही पाऊल ठेवत होता.

म्हातारी वाचली. राजानं मार्थासमोर हात जोडले आणि विचारलं, "मी तुझे पाय घालवले. तरी तू मला वाट का दाखवलीस?"

"आई तुमची होती, महाराज," ती म्हणाली. "आणि वैऱ्याचंही भलं करा, असं आमच्या प्रभूनं सांगितलंय. मला बक्षीस नको. नव्या पुलावर कुणाच्याच देवाची खूण पायाखाली ठेवू नका, एवढं करा."

नवा पूल झाला, तेव्हा पहिला मान राजानं तिला दिला. शिपाई तिला पाठीवर घेऊन आला. पहिल्या शिळेपाशी तिनं त्याला थांबवलं, खाली बसून त्या शिळेवरून तळहात फिरवला. शिळा कोरी होती. मग शिपायाच्या खांद्याचा आधार घेऊन मार्था उठली, आणि तिनं पाऊल ठेवलं.

लहानथोरांनो, गोष्टीचं सार इतकंच: जो विश्वासासाठी अवघड वाटेनं जातो, त्याच्याच वाटेनं एक दिवस त्याला छळणाराही वाचतो.