कोरड्या वस्तऱ्याचा शाप

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, धवलसेन नावाचा राजा होता. राजा शूर होता, उदार होता, आणि आपल्या गुळगुळीत चेहऱ्याचा त्याला भारी अभिमान होता. रोज सकाळी भानोजी न्हावी धोकटी घेऊन महालात येई, कोमट पाण्याने राजाचे गाल भिजवी, चोळून चोळून मऊ करी, आणि मग वस्तरा असा फिरवी की राजाला डुलकी लागे. दाढी उरकली की चिमुकली राजकन्या किंकिणी धावत येई, बापाच्या गालाला गाल घाशी आणि निकाल देई, "आज टोचत नाही." हा निकाल लागल्याखेरीज राजा सिंहासनावर बसत नसे. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार एका पोरीच्या गालापाशी अडून राही, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

किंकिणीच्या वाढदिवशी वज्रनाथ नावाचा मांत्रिक डोंगर उतरून दरबारात आला. त्याची दाढी छातीवर रुळत होती. आशीर्वाद देण्यासाठी त्याने राजकन्येला उचलून घेतले, दाढी तिच्या गालाला लागली, आणि ती म्हणाली, "टोचतं." दरबार हसला, मांत्रिकही हसला. इथवर काही बिघडले नव्हते. पण हसणाऱ्या दरबाराला आणखी हसवावे अशी राजाला हुक्की आली.

"भानोजी, या बुवांची दाढी काढा. आत्ता, इथेच."

"राजा, ही माझ्या व्रताची दाढी आहे," मांत्रिक म्हणाला.

भानोजी जागचा हलला नाही. "महाराज, त्यांची इच्छा नाही, आणि पाणीही आणलेलं नाही. कोरड्या गालाला मी वस्तरा लावत नाही."

"मग तो वस्तरा इकडे द्या," राजा म्हणाला.

शिपायांनी मांत्रिकाचे हात धरले. राजाने स्वतःच्या हाताने, पाण्याचा थेंबही न लावता, खालून वर उलटा वस्तरा ओढला. दरबार आधी हसला, मग हळूहळू गप्प झाला. मांत्रिकाचे गाल लालबुंद झाले, त्यांवर बारीक पुळ्या तरारून आल्या. हात सुटताच त्याने गालांवरची आग ओंजळीत धरली आणि राजाच्या तोंडावर फेकली.

"हे जळणं आता तुझंही," असे म्हणून तो निघून गेला.

त्या क्षणापासून राजाचा चेहरा पेटला. चंदनाचा लेप लावला तर लेपाची राख होई. लोणी लावले तर ते कढून तूप होई. तुरटी फिरवली तेव्हा राजा महालभर नाचला आणि हसायची कोणाची छाती झाली नाही. हे सगळे त्याने सोसले असते. पण सकाळी किंकिणीने सवयीने गाल लावला आणि तिच्या गालावर टपोरा फोड आला. तेव्हापासून राजा लेकीला चार हात लांब ठेवू लागला. ती रोज दाराआडून विचारी, "आबा, आज?" आणि राजा म्हणे, "आज नाही, बाळ." मग ती मुकाट्याने निघून जाई. तिचे ते मुकाट्याने जाणे राजाला आगीपेक्षा जास्त लागे.

एका सकाळी बागेतला भारद्वाज पक्षी राजाच्या खिडकीत येऊन बसला.

"राजा, उन्हाळ्यात तुझ्या लेकीने माझ्यासाठी पाणी ठेवलं होतं. तिचे उपकार आहेत म्हणून सांगतो. निथळ झऱ्याचं पाणी आण, नागाच्या राशीवरची कोरफड आण, काटेसावरीचा कापूस आण. पाण्याने भिजव, कोरफड लाव, कापसाने टीप. आग शमेल."

"सैन्य पाठवतो."

"ज्या हाताने केलं त्या हातानेच आणायचं. तो वस्तराही कमरेला असू दे. आणि ध्यानात ठेव, या तिन्ही वस्तू एका चेहऱ्यापुरत्याच मिळतात."

राजा भोपळ्याचा तुंबा खांद्याला लावून एकटा निघाला. भारद्वाज पुढे उडत वाट दाखवीत होता. निथळ झरा एका काळ्या कपारीत होता. राजाने घाईघाईने ओंजळ घातली, तसे पाणी खाली गेले. पुन्हा घातली, पाणी आणखी खाली गेले.

"घाईच्या हाताला मी लागत नाही," झरा म्हणाला. "बस."

राजा बसला. बसल्याबरोबर गालांना अशी खाज सुटली की दगडावर तोंड घासावेसे वाटले. पण त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. राजाला असे बसलेले कोणी पाहिले नाही हे एक बरे झाले. ऊन कलले तेव्हा पाणी आपणहून वर चढत त्याच्या गुडघ्यांशी आले. त्याने तुंबा भरून घेतला आणि उठता उठता झऱ्याला हात जोडले. हात जोडण्याची त्याला सवय नव्हती, ते जरा वाकडेच जुळले.

पुढे नागाची रास लागली. मोहरांच्या ढिगावर नाग वेटोळे घालून बसला होता. त्याच्या शेजारी कोरफड होती, आणि तिच्याजवळ सोन्याचा एक मुखवटा पडला होता, नितळ आणि देखणा.

"एकच वस्तू ने," नाग म्हणाला. "हा मुखवटा घातलास तर चेहरा पुन्हा गुळगुळीत दिसेल. आतल्या आगीचा बाहेर कोणाला पत्ता लागणार नाही."

राजाने मुखवटा उचलला. दरबार, मुजरे, सिंहासन, सगळे त्याच्या डोळ्यांपुढे आले. मग दाराआडची किंकिणी आली. ती धावत येईल आणि थंडगार सोन्याला गाल लावील, आणि आपल्याला ते कळणारही नाही. त्याने मुखवटा खाली ठेवला आणि कोरफडीपुढे वाकला.

"बाई, माझ्या लेकीसाठी एक पान घेऊ का?"

कोरफडीने एक जाडजूड पान त्याच्या हातात सोडले. नाग म्हणाला, "आजवर जो आला तो मुखवटाच घेऊन गेला. मुखवटा दर वेळी इथे परत येतो. माणसं येत नाहीत."

राजाने नागाचेही आभार मानले. या वेळी हात जरा बरे जुळले.

काटेसावर माळावर एकटी उभी होती. शेंगा उकलून कापूस फुलला होता, पण खोडावर बोटाएवढे काटे होते, सगळे खाली रोखलेले. राजाने खालून वर हात टाकला आणि तळवा रक्ताने भरला. दुसरा हात टाकला, तोही भरला. तेव्हा त्याला दरबारातला तो दिवस आठवला, आणि आपण तेव्हाही असाच उलटा हात ओढला होता हे आठवून तो शरमला. त्याने हात पोचेल तितक्या उंचीवर तळवा ठेवला आणि वरून खाली हलकेच फिरवला. काटे निजले. असे फिरवीत फिरवीत तो शेंड्यापर्यंत चढला आणि ओंजळभर कापूस घेऊन उतरला.

खाली बुंध्याशी कोणीतरी कण्हत होते. पाहतो तर वज्रनाथ. दाढी पुन्हा वाढली होती, पण वेडीवाकडी. कित्येक केस उलटे वळून कातडीत रुतले होते आणि गाल सुजले होते.

"आग तर तुम्ही मला दिली होती," राजा म्हणाला.

"अर्धीच गेली. अर्धी माझ्याजवळ राहिली. रागाने दिलेली आग पुरती जात नाही."

राजाने तुंब्याकडे पाहिले, पानाकडे पाहिले. वरच्या फांदीवरून भारद्वाज पाहत होता. एका चेहऱ्यापुरतेच, तो म्हणाला होता. राजाला लेकीचा प्रश्न ऐकू आला, आणि तरीही त्याने गुडघे टेकले.

"तुमची सेवा करायची परवानगी द्याल?"

मांत्रिकाने त्याच्या कमरेचा वस्तरा पाहिला. "तुझा हात थरथरतोय."

"भीती वाटते."

"मग चालेल. त्या दिवशी थरथरला नव्हता. हे केस आता व्रताचे नाहीत, रागाचे आहेत. काढ."

राजाने झऱ्याच्या पाण्याने त्याचे गाल भिजवले आणि भानोजी चोळी तसे चोळून मऊ केले. मग केसांच्या कलाने, वरून खाली, वस्तरा अलगद फिरवला. रुतलेला एकेक केस सोडवला. कोरफडीचा गर लावला, कापसाने टिपले. वज्रनाथाचे डोळे हळूहळू मिटले आणि त्याला डुलकी लागली. सगळे झाले तेव्हा तुंब्याच्या तळाशी थेंबभर पाणी होते, पानाची साल उरली होती, कापूस संपला होता.

"आता लेकीला काय सांगशील?" भारद्वाजाने विचारले.

"आज नाही, म्हणून सांगेन," राजा म्हणाला.

वज्रनाथ जागा झाला. त्याने गालावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. "राजा, फार बरं वाटलं," तो म्हणाला. मग त्याने राजाच्या चेहऱ्यावरची आग दोन बोटांनी उचलली आणि तुंब्यात टाकली. त्या थेंबभर पाण्यात चर्र आवाज झाला आणि आग विझली.

दोघे मिळून राजधानीत परतले. वाटेत राजाने गालाला वस्तरा लावला नाही. गालांना उसंत द्या, असे वज्रनाथाने बजावले होते. भर दरबारात राजाने त्याची क्षमा मागितली, मग भानोजीपुढे हात जोडले. आता ते अगदी नीट जुळले. "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, भानोजी. ऐकलं असतं तर बरं झालं असतं. तुमचे उपकार आहेत." भानोजी धोकटीचे बंद सोडू-बांधू लागला. त्या दिवसापासून त्या राज्यात कोरड्या गालाला आणि नको म्हणणाऱ्याला कोणी वस्तरा लावला नाही.

दाराआडून आवाज आला, "आबा, आज?"

"आज," राजा म्हणाला.

किंकिणी धावत आली, गळ्यात पडली आणि खुंट वाढलेल्या गालाला तिने गाल लावला.

"टोचतं," ती म्हणाली.

दरबाराने श्वास रोखला. वज्रनाथाने राजाकडे पाहिले, राजाने वज्रनाथाकडे, आणि दोघेही हसू लागले. हसता हसता राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. जसा त्याच्या गालांना गारवा मिळाला तसा ऐकणाऱ्या सगळ्यांना मिळो. टोचत होते, तरी किंकिणीने गाल काही काढला नाही.