वणव्याची फौज

सोनखिंडीच्या बाजारगावात भिवबा नावाचा बहुरूपी राहायचा. सोंग आणावं तर त्यानंच! तो राजा झाला की लोक मुजरा करायचे, आणि वैद्य झाला की म्हातारे खुशाल जीभ काढून दाखवायचे.

अशात डोंगरात एक बंडखोर उपटला. स्वतःचं नाव त्यानं वणव्या ठेवलं होतं. "गावाचा कारभार माझ्या हाती द्या, नाहीतर बाजार जाळीन," अशी त्याची धमकी. एका रविवारी त्यानं राधाबाई तेलिणीचं दुकान खरंच पेटवलं. बिचारीचा उभा संसार राख झाला. लोक जे पळाले, ते पुन्हा बाजाराकडे फिरकलेच नाहीत. गावात मीठसुद्धा मिळेना.

भिवबानं लगोलग वणव्याचं सोंग आणलं. हातभर मिशा, तोंडातून जाळ, आणि पडद्याआड मडकी बडवून हजार घोड्यांच्या टापा! पोरं आईला बिलगायची, मोठ्यांना घाम फुटायचा, आणि भिवबाची झोळी धान्यानं भरायची. गावोगावची बोलावणी येऊ लागली. स्वारी एकदम खूश!

एका दुपारी ओढ्याकाठी त्याला एक किडकिडीत माणूस दिसला. चूल फुंकता फुंकता धुरानं खोकून बेजार झाला होता. बरोबर चार सोबती आणि एक लंगडं घोडं.

"ओळखलंस का? मी वणव्या," तो म्हणाला.

भिवबाला हसूच फुटलं. "आणि तुझी फौज रे बाबा?"

"हे चौघं. बाकीची तूच दिलीस की! तुझा खेळ बघून लोक आपणहून दारं लावून घेतात. चालू दे तुझं. पुढच्या खेपेला मिशा अजून वाढव." असं म्हणून त्यानं भिवबाच्या हातात चांदीचं कडं ठेवलं.

घरी आल्यावर भिवबाला घास गोड लागेना. तो बायकोला म्हणाला, "चिमणे, खरं सांगितलं तर धंदा बुडेल. वर तो मला जिवंत सोडायचा नाही."

चिमणा म्हणाली, "आणि नाही सांगितलंत तर? अहो, राधाबाईच्या राखेवर आपण भाकरी भाजतोय. मला नाही बाई ती गिळवत."

भिवबाची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं देवळापुढं खेळ लावला. ना जाळ, ना मडकी. त्यानं पाच दुधी भोपळे ओळीनं मांडले. पाचव्याला पागोटं बांधलं आणि त्याच्या वतीनं खो-खो खोकला. "ही वणव्याची फौज. मी तुम्हाला खोटं दाखवलं. हे घ्या त्याचं कडं."

मग राधाबाईच कडाडली, "अगं बाई! एवढ्याशा मेल्याला भिऊन मी घरात बसले?" आणि तिला जे हसू लोटलं, त्यानं सगळं देऊळ हसायला लागलं.

रविवारी बाजार भरला. वणव्या पेटता पलिता घेऊन आला आणि ओरडला, "पळा!" कुणी हललं नाही. पोरांनी मोठ्यानं मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच!" पलित्याचा धूर वणव्याच्या घशात गेला आणि तो खोकत खाली बसला. राधाबाईनं घागरभर पाणी ओतून पलिता विझवला. हमालांनी पाचही जणांना पोत्यांसारखं खांद्यावर टाकलं आणि थेट राजाच्या शिपायांच्या हवाली केलं. त्या दिवशी गूळ नुसता फुकट वाटला गेला!

जाता जाता वणव्या भिवबाला म्हणाला, "निदान खेळात तरी मला मोठा दाखव रे."

भिवबा म्हणाला, "आहेस तेवढाच दाखवीन. खोकल्यासकट."

तात्पर्य इतकंच: दहशत माजवणाऱ्याकडे स्वतःचं बळ थोडंच असतं, उरलेलं आपण त्याला पुरवतो, म्हणून त्याला आहे त्याहून मोठा करू नये, आणि सगळ्यांनी मिळून उभं राहावं.